कार्बन फायबरचा एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा ब्रेस), आठ महिने रोज वापरल्यावर (साडेतीन स्टार)

मला सीएमटी आहे, म्हणजे शार्को-मारी-टूथ. टूथ म्हणजे दात नव्हे हो, १८८६ साली ज्या तिघा डॉक्टरांनी हा आजार लिहून ठेवला त्यातल्या एकाचं आडनाव, पण दर वेळी कोणीतरी विचारतंच की दातांना काय झालं. माझा प्रकार १ए, १७ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या पीएमपी२२ जीनची एक कॉपी जास्तीची आहे, त्यामुळे नसांवरचं आवरण धड बनत नाही आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी हात टेकतात, म्हणजे पहिल्यांदा पावलं आणि मग हाताचे पंजे. बाबांकडून आलाय.

तर पाऊल वर उचलणारा नडगीपुढचा स्नायू माझा जवळपास संपलाय. पाऊल लोंबतं, चवडा कुठेही अडकतो, म्हणून गुडघा उंच उचलून चालायचं आणि पाऊल फटकन आपटायचं. ऑफिसात माझ्या आधी माझा आवाज पोचायचा. हा ब्रेस घालून पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलवालीच्या मागे जाऊन उभी राहिले तर ती केवढ्यांदा दचकली, अगं तू कधी आलीस! मला इतकं भारी वाटलं की दुपारी परत एकदा मुद्दाम गेले.

आधी प्लास्टिकचा होता, पोटरीमागून येणारा. तो पाऊल लोंबू द्यायचा नाही पण पुढे ढकलायचाही नाही, आणि आत घामाने नुसती चिकचिक. हा पुढून नडगीवर बसतो, वजन पडलं की कार्बनची पट्टी वाकते आणि पाऊल उचलताना सरळ होत थोडा धक्का देते. जाहिरातीत काय काय लिहिलंय ते सोडा, स्प्रिंग आहे ती, पण चांगली स्प्रिंग आहे.

खरा फायदा मात्र चालण्यापेक्षा उभं राहण्यात झाला, जे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. घोट्यात जोर नसला की एका जागी स्थिर उभं राहणं महाकठीण, सारखं डुलायला होतं, मग टेबल धर, भिंत धर. मीटिंगमध्ये अर्धं डोकं पायात असायचं. आता वीस मिनिटं काही न धरता प्रेझेंटेशन देते आणि समोरच्यांची तोंडं बघते, आधी मला ऑफिसातल्या कार्पेटची कुठली कड उचललीये ते पाठ होतं.

थकवा जात नाही हे पण सांगते. संध्याकाळी पाय शिशाचे होतात ते होतातच, फक्त चारऐवजी सहाला होतात. लंचनंतर वीस मिनिटं पाठ टेकायची ती अजूनही टेकते, बॉसला सांगून ठेवलंय.

आता तक्रारी. वेबसाइटवर लिहिलंय कुठल्याही बुटात बसतो, साफ खोटं. आतला इनसोल काढून त्याखाली ब्रेसची प्लेट सरकवावी लागते, तरी मला अर्धा साइज मोठा बूट घ्यावा लागला, आणि टाचेची उंची बदलली की ब्रेसचा कोनच बदलतो आणि गुडघा पुढे ढकलल्यासारखा होतो, त्यामुळे एकच जोड बूट, बाकीचे कपाटात. पहिल्या आठवड्यात एक-दोन तासच घाला आणि रोज रात्री पाय हाताने नाही, डोळ्याने तपासा, कारण या आजारात पायाची जाणीव कमी होते, आपल्याला फोड कळत नाही. मला तिसऱ्या दिवशी मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. ज्यांचा घोटा वाकडा होऊन घट्ट झालाय त्यांनी हा तयार साइजचा घेऊच नये, ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून, मापाने बनवून घ्यावा.

आणि दीड स्टार कापलाय तो ब्रेस बांधायच्या व्हेल्क्रोच्या पट्टीसाठी. अरे ज्यांचे पाय गेलेत त्यांचे अंगठेही जातात या आजारात, चिमटीत काही धरता येत नाही, शर्टाचं बटण मला लावता येत नाही, आणि तुम्ही व्हेल्क्रोचं टोक ठेवलंय अर्ध्या बोटाएवढं! सुरुवातीला सकाळी दातांनी ओढायचे (घ्या, आले शेवटी दात). मग किल्ल्यांची मोठी रिंग पट्टीच्या टोकाला शिवून घेतली, आता बोट अडकवून एका झटक्यात निघते. कंपनीला फोटोसकट कळवलं, रिंग लावूनच विका म्हणून. उत्तर आलं, पट्टी अंगठा आणि पहिल्या बोटात घट्ट पकडून ओढावी.