ऑटोमॅटिक पिकअपचं गिअर ऑइल: नुसतं काढून भरायचं, चेंबर उघडायचं, की मशीनवर न्यायचं?

गोव्यातल्या साखळी गावाहून चोर्ला घाट चढायचा, बेळगावहून रोपं आणि खताच्या गोणी भरून परत उतरायचं, आणि जूनपासून चार महिने वाळपईकडच्या चिखलवाटांनी बागेत ये-जा करायची. माझ्या पिकअपचं आयुष्य हे असं आहे. इसुझूची व्ही-क्रॉस असो की २०२२ पासून आपल्याकडे मिळू लागलेली टोयोटाची हायलक्स, दोन्हींच्या ऑटोमॅटिकमध्ये सहा गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग, असतो. भरल्या गाडीने बसच्या मागे रांगत घाट चढताना तो कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत. इंजिनची ताकद तेव्हा तेलाच्या घुसळणीतून पुढे जाते आणि त्या घुसळणीत तेल तापतं. तापून तापून ते काळं पडतं, करपल्यासारखा वास येतो, गिअर बदलताना गाडी झटका मारू लागते.

‘हे ऑइल लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते, आणि ती आपल्या ऑटोमॅटिकसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा फार तर ८ वर्षं असा हिशेब सांगते. आपल्या गाड्यांत झेडएफचा गिअरबॉक्स नाही, पण तेलाचा गुणधर्म तोच. घाट आणि ओझं दोन्ही असेल तर मी ६०,००० च्या पुढे थांबत नाही.

बदलायचं ठरलं की तीन वाटा समोर येतात.

पहिली सगळ्यात स्वस्त: ड्रेन बोल्ट उघडायचा, येईल तेवढं तेल काढायचं, तेवढंच नवं भरायचं. यात मेख अशी की निम्म्याहून जास्त तेल कन्व्हर्टरमध्ये आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत अडकून राहतं. समजा एकूण ९ लिटर आहे आणि खाली ३ लिटर आलं. म्हणजे एका वेळेत तिसरा हिस्साच नवा झाला. गाडी थोडे दिवस चालवून पुन्हा केलं तर नवं तेल साधारण ५५ टक्के, तिसऱ्या वेळी ७० टक्के. मात्र फिल्टर जुनाच राहतो आणि चेंबरच्या, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाला काय साचलंय ते दिसत नाही.

दुसरी वाट चेंबर उघडण्याची. मजुरी वाढते, फिल्टर आणि पॅकिंग नवं आणावं लागतं, अर्धा दिवस मोडतो. तरी सेकंड हँड गाडी असेल आणि आधीच्या मालकाने काय केलं हे माहीत नसेल, तर मी डोळे मिटून हीच वाट सांगेन. चेंबरच्या आत छोटी चुंबकं बसवलेली असतात. माझ्या गाडीची निघाली तेव्हा त्यांच्यावर राखाडी लोण्यासारखा थर होता. पांढऱ्या फडक्यावर पुसून बोटांत चोळला, काहीही टोचलं नाही. तसा मऊ लेप म्हणजे रोजची झीज, घाबरू नये. बोटाला टोचणारे कीस किंवा चमकणारे तुकडे मिळाले, तर नवं तेल भरून काही साधणार नाही, गिअरबॉक्स उघडून बघावा लागतो. तेल सोलकढीसारखं गुलाबी-दुधट निघालं तर आत पाणी शिरलंय. आपल्याकडे हे हमखास तपासावं, कारण पावसात भरलेल्या ओहोळातून गाडी घातली की ब्रीदरच्या (गिअरबॉक्सची हवा खेळती ठेवणाऱ्या) नळीवाटे पाणी आत जाऊ शकतं, आणि क्लच प्लेटवरच्या कागदी अस्तराला पाणी अजिबात सोसत नाही.

चेंबर उघडणाऱ्याकडे उभं राहून दोन गोष्टी बघाच. जुना फिल्टर काढताना त्याची रबर रिंग कधी कधी वरच्या भोकातच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर दाबला की रिंगवर रिंग बसते, तिथून पंप हवा ओढतो आणि चांगला गिअरबॉक्स बिघडतो. दुसरं म्हणजे चेंबरचे बोल्ट. ते बारीक असतात, जोर लावून आवळले की पॅकिंग चिरडतं आणि महिन्याभरात खाली लाल डाग दिसू लागतात. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका.

तिसरी वाट मशीनची. कूलरच्या नळीला मशीन जोडतात, एकीकडून जुनं तेल बाहेर, दुसरीकडून नवं आत, आणि तासाभरात बहुतेक सगळं तेल बदलतं. तेल मात्र १० ते १२ लिटर लागतं, बिल त्यामुळेच फुगतं. विचारायचा प्रश्न एकच: मशीन स्वतःच्या दाबाने तेल ढकलतं, की गिअरबॉक्सच्या पंपावरच काम होतं? दुसरा प्रकार असेल तर ठीक. लाखभर किलोमीटर तेलच न बदललेल्या गाडीला दाबाचं मशीन लावायला मी कधीच हो म्हणणार नाही. तळाचा गाळ उठून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकायची भीती असते. शिवाय चेंबर न उघडता केलं तर फिल्टर इथेही जुनाच.

म्हणून माझा कौल असा: इतिहास ठाऊक असलेली, वेळेवर तेल बदललेली गाडी असेल तर पहिली वाट पुरते. इतिहास ठाऊक नसेल किंवा गाडी घाट-ओझ्याची असेल तर आधी चेंबर आणि फिल्टर, मग हजार-हजार किलोमीटरवर दोनदा नुसतं काढून भरणं. गिअर आताच स्लिप होत असेल, रेस वाढते पण गाडी उचलत नाही असं होत असेल, तर तिन्ही वाटा सोडा आणि आधी तपासणी करा. अशा गाडीत तेल बदललं, गाडी बसली आणि दोष तेलाला गेला, हे अनेकदा होतं. क्लच आधीच संपलेले असतात.

काही गोष्टी तिन्ही वाटांना सारख्या. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. हायलक्सला टोयोटाचं डब्ल्यूएस नावाचं तेल लागतं, जुन्या प्रकारचं डेक्सरॉन-३ नाही. लाल रंग दोघांचाही, पण पातळपणा वेगळा.

ड्रेन बोल्टच्या आधी भरण्याचा बोल्ट सैल करून घ्यायचा. हे मी भोगून शिकलो. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझ्या गाडीचा तो बोल्ट गंजून बसला होता. आम्ही खालून तेल सोडून मोकळे झालो आणि वरचा बोल्ट काही हलेना. गाडी दोन दिवस घोडीवर होती.

लेव्हलही नीट समजून घ्या. या गाड्यांना बहुतेक डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, नसते. इंजिन चालू, गाडी सपाट जागेवर, तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला, साधारण ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, आणि मग तपासणीचा बोल्ट उघडायचा. धार तुटून थेंब पडू लागले की लेव्हल बरोबर. गोव्यात मे महिन्याच्या दुपारी तेल मुळातच ३३-३४ अंशांवर असतं, ३५ ते ४५ ची ती मर्यादा बघता बघता निघून जाते. म्हणून सकाळी सातला सुरुवात करा आणि स्कॅनर लावून तापमान बघा. सर्व्हिस सेंटर की ओळखीचं गॅरेज, हेही मी यावरच ठरवतो: तापमान कशावर बघता, असं विचारल्यावर जो हाताने चेंबर चाचपतो, त्याच्याकडे गाडी ठेवत नाही.

काढलेलं तेल बाटल्यांत मोजून ठेवा आणि जुनं तेल घेणाऱ्याकडेच द्या, ओहोळात जाऊ देऊ नका. माझी पुढची खेप येत्या मे महिन्यात, पावसाआधी. फिल्टर आणि पॅकिंग आणून ठेवलंय.