काळी नदीवरील राफ्टिंग: पाण्यात चोख, काठावर गोंधळ

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सात माणसे बेळगावहून खानापूर, रामनगरमार्गे गणेशगुडीला गेलो होतो. सुपा धरणाच्या खाली काळी नदीवर राफ्टिंग चालते. तेथे राफ्टिंग करवणाऱ्या सेवांपैकी एकीचा हा अभिप्राय आहे. दुसऱ्याच खळाळावर आमची राफ्ट उलटली. या खेळात असे होणारच, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती काठावर आल्यानंतरच्या कारभाराची.

पाण्यातील माणसे तरबेज होती. निघण्यापूर्वी मार्गदर्शकाने प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले होते. राफ्ट कलंडताना तो ‘हिडकोळ्ळी, हिडकोळ्ळी’ (कन्नडमध्ये ‘धरा, धरा’) असे ओरडला. आम्हा बेळगावकरांना ते लगेच कळले आणि आम्ही कडेची दोरी धरली. साताऱ्याहून आलेला भाचा मात्र नुसता पाहत राहिला आणि प्रवाहात गेला. पाय पुढे करून पाठीवर तरंगायचे, हे त्याच्या लक्षात होते म्हणून बरे. बचावासाठी ठेवलेल्या कयाकने त्याला लगेच गाठले. इतके मराठी गिऱ्हाईक येते, तर हुकूम कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत सांगायला काय हरकत आहे?

काठावर पहिले काम माणसे मोजण्याचे. राफ्टमध्ये मार्गदर्शक सोडून इतरांसह आम्ही नऊ जण होतो, पण नोंदवहीत आमच्या घराच्या नावापुढे फक्त ‘+६’ एवढेच लिहिलेले होते. मोजणी एकदा आठ भरली, एकदा नऊ, पुन्हा आठ. आत्या चहाच्या टपरीमागे पदर पिळत उभी होती. याच उत्तर कन्नड जिल्ह्यात जानेवारी २०१९ मध्ये कारवारजवळच्या कुर्मगड बेटावरील जत्रेहून परतणारी बोट उलटून १६ जणांचा बळी गेला आहे. तरीही नावानिशी यादी असू नये, याचे नवल वाटते.

भाच्याचा खोकला थांबेना, तेव्हा एक कर्मचारी त्याचे पोट दाबायला सरसावला. वहिनी नर्स आहेत. त्यांनी त्या कर्मचाऱ्याचा हात धरून त्याला थांबवले. पोट दाबल्याने उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीवर ३० दाब आणि दोन श्वास असे चालू ठेवावे, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी ११२ ला फोन करावा. भाचा श्वास घेत होता, म्हणून ओले कपडे काढून त्याला कोरडे केले. केंद्रात टॉवेल होते, घोंगडी एकही नव्हती. ‘जीप पुढच्या बॅचसाठी आहे’ असे सांगण्यात आल्यावर आम्ही आमच्याच गाडीने त्याला दांडेलीला नेले. फुप्फुसात पाणी गेले असेल तर काही तासांनीही धाप लागू शकते, म्हणून डॉक्टरांनी त्याला रात्रीपर्यंत देखरेखीखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी पूर्ण पैसे परत देऊ केले आणि सोबत एक छापील कागद पुढे केला: ‘आमची काहीही तक्रार नाही’. मी सही केली नाही. कोणीही अशी घाई करू नये. पावती, नोंदवहीच्या पानाचा फोटो आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार घटनेपासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. आठ दिवसांनी पैसे खात्यात जमा झाले, सहीवाचून.