घरी ऑइल बदलतोय, आठ महिने झाले: सगळ्यात महाग पडला तो १५ रुपयांचा वायसर

आज सकाळी गाडीखालचा पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून लिहायला बसलो. महिनाभर त्या पुठ्ठ्यावर रोज रुपयाएवढा काळा डाग पडत होता.

गाडी जुनी पेट्रोल, साधारण तीन लिटर ऑइल बसतं. नाशिक-सिन्नर रोजचं जाणं-येणं, सात महिन्यांत दहा हजार किलोमीटर होतात. दर वेळी सर्व्हिसिंगचं बिल भरणं जिवावर यायला लागलं, तेव्हा सामान जमवलं: ट्रॉली जॅक, जॅक स्टँडची जोडी, १७ नंबरचा रिंग पाना, फिल्टरची वाटी (ऑइल फिल्टर पकडून फिरवायला), टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंत आवळलं की 'टक' करणारा पाना), पसरट ट्रे. स्टँडवर पैसे वाचवू नका. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. ट्रे स्वस्तातला चालतो, पण रुंद हवा. चेंबर म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी; तिचा तळाचा नट सुटला की धार आधी लांब उडते आणि मग हळूहळू जवळ येते.

रिंग पाना टपारियाचा, आमच्या सातपूरचा. हा एक पाना पुरे, असं मी सगळ्यांना सांगत होतो. आता मत बदललंय. त्याला आत बारा कोन असतात, आणि आमच्या चेंबर नटाचे कोपरे सर्व्हिस सेंटरमध्येच झिजलेले. पाना सरकला. सहा कोनी गोटीने (नटावर टोपीसारखी बसते ती, सॉकेट) नट एका झटक्यात सुटला. पाना उत्तमच आहे, पण या नटाला गोटीच घ्या.

आता वायसर, म्हणजे त्या नटाखालची, ऑइल गळू न देणारी चकती. ॲल्युमिनियमचा, दाबून दाबून कागदासारखा झालेला, एका बाजूला नटाच्या कडेची खोल गोल चर. दुकानदार म्हणाला, "चालतंय, तोच लावा." पहिल्यांदा धकलं. गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा तोच लावला आणि तिसऱ्या दिवशी डाग. मग मी कोणीच करू नये ते केलं, नट अजून आवळला. मॅन्युअलमध्ये ३५ न्यूटन मीटर दिलंय; माझा रेंच २८ ते २१० चा, इतक्या खाली त्याचा 'टक' हाताला नीट कळतच नाही. चेंबर ॲल्युमिनियमचा, म्हणजे मऊ; जास्त आवळला की आटे जायची भीती. डाग थांबेना तेव्हा आटे गेले असंच धरून चाललो होतो, दोन रात्री झोप नाही.

परवा ट्रे घासून पुसून कोरडा केला, ते नवंच ऑइल त्यात काढलं, नवा वायसर घातला, ऑइल बारीक जाळीतून गाळून परत भरलं. आटे शाबूत होते.

संताप याचा, की सर्व्हिस सेंटरच्या जुन्या तिन्ही बिलांवर 'ड्रेन प्लग गॅस्केट', म्हणजे हाच वायसर, लावलेला आहे. बिलं आणि वायसर घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. "सर, ते कन्झ्युमेबल असतं." बदललाच नाही तर पैसे कशाचे घेतले? उत्तर नाही. फुकट वॉशिंग देऊ केलं, मी घेतलं नाही. रक्कम किरकोळ आहे, पण गाडी विश्वासाने ताब्यात दिली होती. तुमची बिलं काढून बघा, आणि पुढच्या वेळी जुना वायसर हातात मागा.

फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, तेही बोट फिरवून बघा. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या पिंपात देतो, गटारात नाही. वायसर दहा आणले होते. दोन खालच्या मजल्यावरच्या काकांना दिलेत, रविवारी त्यांच्या गाडीचं ऑइल बदलायला घेतोय.