लिंकन सेंटरमधलं टाटियाना: नाटकवेड्या आत्याला घेऊन गेले होते

आमची आत्या दादरची. शिवाजी मंदिरला चांगलं नाटक लागलंय आणि आत्याने ते बघितलं नाही असं माझ्या आठवणीत तरी झालेलं नाही, आणि नाटकाइतकंच तिचं लक्ष मध्यंतरातल्या बटाटावड्यावर असतं. पहिला अंक संपायच्या पाच मिनिटं आधी ती पर्समधून सुट्टे पैसे काढून मुठीत धरून बसते, पडदा पडला की पहिल्या दहा माणसांत कॅन्टीनला पोचते, वडा, चहा, आणि तिसऱ्या घंटेला परत खुर्चीत. लहानपणी मी तिच्याबरोबर असंच पळत जायचे. म्हणून थिएटरमधलं खाणं म्हटलं की माझ्या डोक्यात अजून तेच येतं, हातात कागद, कागदातून बोटांना लागणारा चटका, आणि घड्याळाकडे नजर.

ती यंदा पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आली, दीड महिना राहिली, आणि न्यूयॉर्कला नेऊन तिला काय दाखवायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. लिंकन सेंटर. एका चौकात ऑपेरा, बॅले, नाटक, ऑर्केस्ट्रा सगळं, आणि त्यातल्या डेव्हिड गेफेन हॉलच्या तळमजल्यावर शेफ क्वामे ओनवाचीचं टाटियाना हे रेस्टॉरंट, जिथे जायचं माझं कित्येक महिने मनात होतं. गेफेन हॉल म्हणजे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं घर, नाट्यगृह नाही हे मान्य, पण तिकीट काढून, अंधारात बसून, टाळ्या वाजवून बाहेर पडायची जागा तीच की.

आधी शेफबद्दल सांगते कारण ते माहीत नसेल तर या जेवणातली अर्धी गंमत जाते. क्वामे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढला, वडिलांकडून नायजेरियन, शिवाय घरात जमैका, त्रिनिदाद आणि लुईझियानाच्या क्रिओल, म्हणजे फ्रेंच-आफ्रिकी मिश्र वारशाच्या लोकांचे धागे, आई स्वतः कॅटरिंग करायची. दहा वर्षांचा असताना त्याला आजोबांकडे नायजेरियात पाठवलं होतं, दोन वर्षं तिकडे राहिला. पुढे न्यूयॉर्कच्या सबवेत डब्याडब्यातून कँडी विकून त्याने स्वतःच्या कॅटरिंगचं भांडवल उभं केलं, मग रीतसर कुलिनरी स्कूल, मोठमोठ्या किचनमध्ये उमेदवारी, टॉप शेफ नावाच्या टीव्ही स्पर्धेत झळकला. २०१६ मध्ये वॉशिंग्टनला पहिलं रेस्टॉरंट काढलं, शॉ बिझू, ते तीन महिनेसुद्धा चाललं नाही. माणूस तिथेच खचला असता पण त्याच शहरात त्याने किथ अँड किन उभं केलं आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार घेतला, उगवत्या शेफसाठीचा. टाटियाना नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडलं आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने शहरातल्या शंभर उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत ते पहिल्या नंबरवर ठेवलं. तेव्हापासून बुकिंग मिळणं कठीण, मला महिनाभर रोज फोनवर बघितल्यावर रात्री साडेनऊचं टेबल मिळालं, आणि आता म्हणते की साडेनऊचं मिळालं तेच उत्तम झालं, त्याचं कारण पुढे.

टाटियाना हे त्याच्या मोठ्या बहिणीचं नाव. आई कामावर असायची तेव्हा धाकट्या भावाला हिने सांभाळलं. हे मी आत्याला ट्रेनमध्ये सांगितलं, एडिसनहून पेन स्टेशनला जाताना, आणि ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत गप्प बसली. माझ्या बाबांना आत्यानेच वाढवलं, आजी शाळेत नोकरीला होती, बाबांचे डबे, अभ्यास, आजारपणं सगळं हिच्या गळ्यात, वयात फरक फक्त सात वर्षांचा. रेस्टॉरंटच्या दारात पोचलो तर म्हणाली, अगं थांब, आधी नावाचा फोटो काढ, तुझ्या बाबाला पाठवते.

आता त्या आधीची एक गोष्ट. त्याच आठवड्यात आम्ही दोघी एका म्युझिकलला गेलो होतो आणि शोच्या आधी थिएटरच्या शेजारच्या एका हॉटेलात जेवलो, नाव लिहीत नाही. साडेसहाला बसलो, सूप कोमट, ते संपायच्या आत मुख्य ताट टेबलावर, आणि ताटाबरोबरच बिल. म्हणजे शोला जाणारी माणसं आहेत, घाई असणारच, पुन्हा थोडीच येणार आहेत, असा हिशोब. आत्याला फार लागलं ते. ती म्हणाली, आमच्या कॅन्टीनचा माणूससुद्धा दोनशे लोकांच्या गर्दीत वडा गरमच देतो ग. बरोबर आहे तिचं. थिएटरला चिकटलेल्या जागांना गिऱ्हाईक आपोआप मिळतं आणि तिथेच त्या बिघडतात, हे मी कितीतरी शहरांत बघितलंय, आणि म्हणूनच एक नावाजलेला शेफ अशा जागी जाऊन काय करतो ते मला बघायचं होतं.

तर, एक नंबरच्या ट्रेनने सहासष्टाव्या रस्त्याला उतरलो आणि मी मुद्दाम आत्याला आधी पासष्टाव्या रस्त्याच्या बाजूने नेलं. तिथे गेफेन हॉलच्या दर्शनी भिंतीवर नीना शनेल ॲबनी या चित्रकर्तीचं मोठं रंगीत काम होतं, काळी माणसं, वाद्यं, अक्षरं, ठळक आकार. ते होतं सॅन हुआन हिलबद्दल. लिंकन सेंटर व्हायच्या आधी इथे ती वस्ती होती, काळ्या आणि पोर्तो रिकन लोकांची, जॅझमधला थोर पियानोवादक थेलोनियस मंक इथेच वाढला. १९५० च्या दशकात शहराने ती झोपडपट्टी ठरवली, सात हजारांहून जास्त कुटुंबं उठवली, आणि तिथे ही सभागृहं उभी राहिली, १९६२ मध्ये पहिलं उघडलं ते हेच. आत्याला समजावून सांगायची गरजच पडली नाही, गिरणगावात टॉवर उभे राहताना तिने रोज बसच्या खिडकीतून बघितलेत.

आणि त्याच इमारतीत आता ब्राँक्समधल्या एका काळ्या पोराच्या हातचं जेवण मिळतं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं, नायजेरियातलं, जमैकातलं, आणि ते चाखायला शहर रांग लावतं. मला हे फार मोठं वाटतं, आणि क्वामेने ते भिंतीवर पाटी लावून नाही सांगितलं, ताटातून सांगितलंय.

आत गेल्यावर वर ढगांसारखे दिवे, सोनेरी साखळ्यांचे पडदे, आणि मोठ्या काचांतून बाहेरचा चौक. गाणी नव्वदच्या दशकातली, हिप हॉप, आर अँड बी, आणि आवाज चढा असतो. ज्यांना कुजबुजत जेवायचंय त्यांनी हे लक्षात ठेवून जावं, पण मला तो आवाज हवा होता. शेजारच्या हॉलमध्ये खोकायचीही चोरी, आणि इथे माणसं खुर्चीत बसल्या बसल्या डोलतायत.

आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना उपयोगी पडेल म्हणून सांगते, इथले सगळ्यात गाजलेले तीन पदार्थ बीफचे आहेत, ऑक्सटेल म्हणजे बैलाचं शेपूट, शॉर्ट रिब पास्ट्रामी सुया (सुया हा मांसाला मसाला लावून भाजायचा नायजेरियन प्रकार), आणि ट्रफल ही सुगंधी बुरशी घातलेलं चॉप्ड चीज, म्हणजे चिरलेलं बीफ आणि चीज घातलेलं सँडविच. आम्ही दोघी बीफ खात नाही. ऑक्सटेलची प्लेट शेजारच्या टेबलावर आली होती, गडद चकाकता रस्सा आणि बरोबर कडधान्य घातलेला भात, वास मसालेदार होता एवढंच सांगू शकते. पण बीफ नाही म्हणून हात हलवत परत यायची वेळ येत नाही, ऑर्डर करताना सांगितलं की वाढणारी मुलगी कशात काय आहे ते एकेक पदार्थ धरून सांगते, आमच्या मुलीने तर न विचारता सांगितलं.

पहिली आली भेंडी. कुरकुरीत तळलेली, मध आणि मोहरी. आता भेंडी म्हटल्यावर आत्या आणि मी दोघी परीक्षकाच्याच भूमिकेत, कारण कुरकुरी भेंडी आपल्या घरात कोणाला येत नाही? आत्याने एक उचलली, मोडली, आत बघितलं. तार नाही. कवच पातळ, भेंडी आत अजून हिरवी, म्हणजे तेल कडकडीत आणि वेळ कमी. चावल्यावर आधी मध मग मोहरीचा नाकात चढणारा झटका, तोच जो लोणचं नवीन असताना येतो. आत्या म्हणाली, मोहरी फेसलीय याने. फेसलीय की नाही मला माहीत नाही, पण चव त्याच रस्त्याने जाते. आणि भेंडी मूळची आफ्रिकेतली भाजी आहे, गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ती अमेरिकेत गेली, हे मी सांगितल्यावर तिने दुसरी जरा हळू खाल्ली.

मग गोट पॅटीज. या मी जन्मभर विसरणार नाही. बकऱ्याच्या मटणाची करी भरलेल्या पॅटीज, वरचं आवरण पिवळसर आणि खुसखुशीत, काठ दाबून बंद केलेले, थेट करंजीसारख्या, बरोबर आंब्याची चटणी. मोडली की वाफ, आणि त्या वाफेत हळद, जिरं, आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा तो फळासारखा वास. आत्याने डोळे मिटून खाल्ली आणि म्हणाली, हे तर आपलंच. तर आपलं म्हणजे कसं, की १८४५ पासून इंग्रजांनी करार करून हिंदुस्थानातून मजूर जमैका-त्रिनिदादला नेले, बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, भोजपुरी-अवधी बोलणारे, ते गिरमिटिये. त्यांच्या गाठोड्यातली हळद तिकडच्या मटणात पडली आणि करी गोट जमैकाचं झालं. ते जमैकाचं खाणं क्वामेच्या घरच्यांबरोबर ब्राँक्सला आलं, आणि आता ते दादरच्या बाईच्या ताटात, मॅनहॅटनमध्ये. आत्याला मी हे सांगत होते तेव्हा तिने तिसरी पॅटी उचलली होती. चारांतली तिसरी.

एगुसी डंपलिंग्ज थोडं वेगळं प्रकरण आहे. एगुसी म्हणजे नायजेरियातल्या एका प्रकारच्या कलिंगडाच्या बिया, आपण मगज वाटून घालतो तसंच त्या वाटून घट्ट सूप करतात. इथे तो प्रकार मोदकाच्या पारीइतक्या पातळ कातडीत भरलाय, बरोबर खेकडा आणि लाल नायजेरियन स्ट्यू. मला अतिशय आवडलं, बियांचा तेलकट खमंगपणा आणि खेकड्याचा गोडवा एकमेकांना सांभाळून घेतात. आत्याला खेकडा कमी वाटला, पण ती मालवणी माहेरची आहे आणि तिच्या मते खेकडा नांग्या फोडूनच खावा, त्यामुळे तिचं मत त्या हिशोबाने घ्या.

तिचं समाधान केलं कोळंबीने. मॉम ड्यूक्स श्रिम्प असं नाव आहे, मॉम ड्यूक्स म्हणजे लाडाने आई. डोक्यासकट मोठी कोळंबी, क्रिओल मसाल्याच्या लोण्यात. आजूबाजूला लोक काट्याचमच्याने डोकी बाजूला सारत होते आणि आत्याने बाह्या वर करून डोकं तोंडाला लावून चोखलं, सगळी चव तिथेच असते. वाढणारी मुलगी थांबून बघत राहिली आणि म्हणाली, तुम्ही बरोबर खाताय. मी भाषांतर करून सांगितलं तर आत्या म्हणाली, तिला विचार, शेफची आई पण अशीच खाते का. मुलीने हसून मान हलवली.

शेवटी बोडेगा स्पेशल. बोडेगा म्हणजे न्यूयॉर्कच्या कोपऱ्याकोपऱ्यावरचं छोटं दुकान, आपल्या वाण्याच्या दुकानासारखं, जिथे शाळेतून येताना पोरं दोन पैशांचं काहीतरी घेतात. त्यातला रंगीत गोळ्यांचा ब्राउनी आणि पिठीसाखर घोळवलेल्या डोनटच्या चवीचं आइसक्रीम. मला गोड जास्त वाटलं, माझी जीभच तशी आहे, आत्याने मात्र वाटी चाटून पुसून संपवली. आपल्याकडे कोणी मोठा शेफ रावळगाव गोळी किंवा बोरकूट घेऊन असं काही करेल तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन.

आता वेळेचं. कॉन्सर्ट साडेसातचा असतो तेव्हा लोक पाच-साडेपाचचं टेबल धरतात आणि तासाभरात उरकतात. तसं करू नका. हे जेवण घड्याळ बघत खायचं नाही, पॅटीच्या वाफेला दोन मिनिटं द्यावी लागतात. एक तर कॉन्सर्ट झाल्यावर जा, नाहीतर त्या दिवशी तिकीट काढूच नका, नुसतं जेवायला जा. आम्ही तसंच केलं आणि सव्वादोन तास बसलो, कोणी बिल आणून ठेवलं नाही, मागितल्यावरच आलं. दोघींचे मिळून टॅक्स आणि टिप धरून दोनशे डॉलरच्या आसपास गेले, एका वड्याच्या हिशोबाने आत्याला आकडा सांगायची माझी हिंमत नव्हती म्हणून बिल मीच पटकन घेतलं, तरी तिने वाचलंच. काही बोलली नाही. वाढणाऱ्या मुलीला नमस्कार केला आणि पॅटीजची अजून एक प्लेट बांधून मागितली, आमच्या ह्यांच्यासाठी.

त्या पॅटीज रात्री एकच्या ट्रेनमध्ये आत्याच्या मांडीवर होत्या, सकाळी ओव्हनमध्ये साडेतीनशे डिग्री फॅरनहाइटवर आठ मिनिटं ठेवल्या आणि कडा परत कुरकुरीत झाल्या. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, मऊ पडतील.