उन्हाळ्यात ‘मरणारे’ नेचे विकणारी नर्सरी

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं की घाट लागायच्या आधी रस्त्याला लागूनच हिरव्या शेडनेटची एक लहानशी नर्सरी दिसते. नेचे, म्हणजे फर्न, घ्यायला कुठे जायचं, असं कोणी विचारलं तर मी तिथे पाठवते. मात्र कुंडीत चार-पाच महिने नुसता तपकिरी गुंता पाहायची तयारी असेल तरच जा. ज्यांना बारा महिने हिरवंगार लागतं त्यांनी मनी प्लांट घ्यावा आणि सुखी राहावं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, ऐन खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. बोअरचं पाणी कूलरला वापरलं की ताट्यांवर पांढरी खपली धरते, तेच पाणी कुंडीत घातल्यावर झाडाचं काय होत असेल ते सांगायला नको. त्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर. असं असूनही बहुतेक नर्सऱ्या नेचा मागितला की बोस्टन फर्नच गळ्यात मारतात. त्याला दमट हवा लागते. आमच्याकडे एप्रिल लागला की त्याची पानं वाळून व्हरांडाभर सांडतात, झाडू मारून कंटाळा येतो.

या नर्सरीवाल्याकडे बोस्टन आहेच, धंदा म्हटल्यावर ठेवावा लागतो. पण मागच्या बाजूला त्याने आपल्याकडचे, कोरड्यात तग धरणारे नेचे वाढवलेत. त्यातली मयूरशिखा मला सगळ्यात आवडली. जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यात, कातळाच्या फटीत उगवते तीच ही. वीतभरही उंची नाही, काडीसारखा देठ आणि टोकाला अरुंद पट्ट्यांचा पंखा. पाणी तुटलं की पट्ट्या आत वळतात आणि अख्खा पंखा मिटून जातो. मी मुद्दाम एक मिटलेली कुंडी निवडली आणि घरी आणून साठवलेलं पावसाचं पाणी घातलं. संध्याकाळी भाकरी थापून बाहेर आले तेव्हा कडेच्या पट्ट्या सुटायला लागल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पंखा उघडलेला होता. देठाजवळचं एक जुनं पान मात्र तसंच राहिलं, ते खरंच वाळलेलं होतं. घेताना हे बघून घ्या. वाळलेलं पान चिमटीत चुरतं, मिटलेलं पान लवचीक असतं.

दुसरा चंदेरी नेचा. याच्या पानाच्या पाठीवर मेणासारखी पांढरी भुकटी असते. पान पालथं करून हातावर दाबलं की पांढरी नक्षी उठते, नातवंडांना हा खेळ पुरतो. झाडाला तिचा उपयोग निराळा. कोरड पडली की पान वर वळतं, पांढरी पाठ उन्हाकडे होते आणि पानातली ओल कमी उडते. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात याच कुळातले नेचे खडकांच्या कपारीत उगवतात. त्यांच्या पानांवर कुठे लव, कुठे खवले, कुठे मेण. तिकडे बागेत लावणारेही दुपारच्या उन्हाआड, मोठ्या दगडाच्या उत्तरेला लावतात आणि मुळं दगडाखाली सरकवतात, म्हणजे ती गार राहतात. मी परसात काळ्या दगडाची एक फरशी तिरपी टेकवून तिच्या उत्तरेला दोन झाडं लावली. कुंडीतल्या भावंडांपेक्षा ती दोन बरी आहेत.

मेळघाट इतकं जवळ, म्हणून मी सरळच विचारलं की जंगलातून उपटून तर आणत नाही ना? त्याला राग आला नाही. तो मागे घेऊन गेला. तिथे आइस्क्रीमचे रिकामे डबे ओळीने मांडलेले, आत विटेचे तुकडे, झाकणाला आतून थेंब. विटेवर शेवाळासारखा हिरवा थर. डोळ्याजवळ नेऊन पाहिलं तर तो थर म्हणजे नखापेक्षाही लहान, पातळ, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची पानंच. नेच्याला बी नसतं. पानामागचे धुळीसारखे बीजाणू विटेवर पाडले की आधी ही बदामी पानं येतात. त्यांच्यावर पाण्याचा पातळ पदर असला तरच फलन होतं, आणि मग त्यातून खरा नेचा डोकं काढतो. कोरड्यातल्या या झाडाला जन्मापुरतं तरी पाणी लागतंच. या कामात महिनेच्या महिने जातात. हे पाहिल्यावर मयूरशिखेच्या लहान पिशवीचे ऐंशी रुपये मला महाग वाटले नाहीत. निघताना म्हणाला, “बाई, ह्याले मेलं समजून फेकू नका. पह्यलं पाणी पडू द्या, मंग मले सांगजा.”

आता तक्रारी. पिशव्यांमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, फार भरतो. वाहतुकीला हलकं पडतं हे कबूल, पण पावसाळ्यात ते ओलं ते ओलंच राहतं. माझा एक चंदेरी नेचा त्यानेच बुडापासून सडला. घरी आणल्या आणल्या पिशवी फोडून मुरूम, विटेचा चुरा आणि थोडं पानांचं खत एवढ्यातच लावा. शेतातली काळी माती चिमूटभरसुद्धा नको. पावसात ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते.

दुसरं म्हणजे काउंटरवरचे ‘संजीवनी’चे वाळलेले गोळे. पाण्यात टाकले की उलगडतात, त्यात खोटं काही नाही. पण ती वनस्पती खऱ्या नेच्यांतली नाही, आणि ‘सर्व रोगांवर गुणकारी’ ही चिठ्ठी त्याने काढून टाकावी. एवढं मन लावून काम करणाऱ्या माणसाला ती शोभत नाही. झाडांवर मात्र नावाची चिठ्ठीच नाही, विचारून वहीत लिहून घ्यावं लागतं.

बाशिंग नावाचा नेचाही आहे, नारळाच्या सोडणावर बांधलेला, अडीचशे रुपये. कोकणात आंब्याफणसावर असतं ते. त्याची हिरवी पानं कोरड्यात गळतात आणि बुडाची तपकिरी पानं पालापाचोळा धरून तशीच राहतात, ती कुरूप दिसतात म्हणून कापू नका. आमच्याकडे कडुनिंबाच्या खोडावर पूर्वेच्या बाजूला जगलंय, पण वाढ अगदी बेताची. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याने त्यावर पैसे घालायची घाई करू नये, आधी मयूरशिखा लावून बघावी.

जायचं तर पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर जा, तेव्हा माल उघडलेला असतो आणि निवडता येतो. घरपोच पाठवत नाही, यूपीआय चालतं. येताना एसटीत खिडकीजवळ पिशव्या ठेवू नका, दर्यापूर येईपर्यंत वाऱ्याने पानं वळून बसतात.