मंडईजवळचं काष्ठौषधीचं दुकान: सुटा माल झकास, पण डबीतलं चूर्ण नको रे बाबा

गौरी जेवल्या त्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, आणि कोणीतरी आग्रह केला म्हणून वर दोन मोदक, मग व्हायचं तेच झालं, पोटाला अशी तडस लागली की रात्री धड आडवं पण होता येईना. आंबट ढेकर, गुबारा, सगळं साग्रसंगीत. सासूबाई म्हणाल्या, अगं गोळ्या काय खातेस सारख्या, पुण्यात मंडईजवळ तो काष्ठौषधीवाला आहे तिथून ओवा, बाळहिरडा घेऊन ये. तेव्हापासून तीन-चार फेऱ्या झाल्या, म्हणून लिहितेय. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, का ते पुढे कळेल.

आधी चांगलं सांगते. सुटा माल खरंच एक नंबर. सकाळी गल्ल्यावर जे म्हातारे काका बसतात त्यांनी ओवा तळहातावर चोळून माझ्या नाकापुढे धरला, डोळ्यातून पाणीच आलं. ओव्याचा तो झणझणीत वास त्यातल्या थायमॉल नावाच्या द्रव्याचा, आणि माझ्या घरी डब्यात दोन वर्षं पडलेल्या पाकिटातल्या ओव्याला तो उरलेलाच नव्हता, आणि मी म्हणायचे ओव्याने काही होत नाही. आता जड जेवण झालं की चिमूटभर ओवा आणि कणभर पादेलोण चावून वर कोमट पाणी पिते, पंधरा-वीस मिनिटांत गॅस मोकळा होतो, माझा तरी. बाळहिरडा जुन्नर-आंबेगावकडचा, काळाभोर आणि कडक. सासूबाई तो एरंडेलात फुलवून कुटून ठेवतात. मुरडशेंग पण छान मिळाली, न किडलेली, ती सहाणेवर उगाळायची, बाळगुटीत असते तीच. पोटात मुरडा आला की आमच्याकडे अजून तीच देतात. नुसतं नाव मुरड्यावरून पडलं की पिळदार आकारावरून यावर घरात वाद आहे, तो सोडा.

हिंगाचं मात्र नवीनच कळलं. आपण डबीतला वापरतो तो बांधानी हिंग, म्हणजे हिंगात गोंद आणि पीठ घालून बनवलेला, आणि पीठ बरेचदा गव्हाचं असतं. माझ्या बहिणीच्या मुलाला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालणारा आजार, घरात गहू बंद, पण आमटीत रोज हिंग चालू होता बघा! तिला लगेच फोन केला. काकांकडे बिनपिठाचा खडा मिळतो, महाग आहे, पण अगदी थोडा पुरतो.

आणि काका उगाच काहीही विकत नाहीत हे महत्त्वाचं. माझ्यासमोर एक गृहस्थ आले, छातीत जळजळतंय, पित्ताचं काहीतरी द्या म्हणाले, काकांनी घाम येतोय का, हातात कळ जातेय का विचारलं आणि ते हो म्हणाल्यावर मालाला हातच लावला नाही, रिक्षा करून दवाखान्यात जा म्हणाले. तेव्हाच माझा विश्वास बसला.

आता तक्रार. दुसऱ्या खेपेला दुपारी गेले, तर गल्ल्यावर तरुण पोरगा. पोट साफ होत नाही म्हटलं तर त्याने त्यांचंच ‘पाचक चूर्ण’ गळ्यात मारलं, शंभर ग्रॅमची डबी 120 रुपये. लेबलवर ‘संपूर्ण नैसर्गिक’ आणि घरगुती डिझाईनचं एक झाड, आत काय काय आहे याची यादीच नाही. मी पाचक म्हणजे हिंग-जिरं असेल समजून रात्री दोन चमचे घेतलं. पहाटे पाचला पोटात जी कळ उठली ती सांगत नाही, सहा वेळा जाऊन आले, त्या दिवशी ऑफिसची बस सोडली आणि दिवसभर मीठ-साखरेचं पाणी पीत पडले. परत जाऊन विचारलं तर पोरगा हसून म्हणतो, ‘अहो ताई, सोनामुखी असतेच त्यात, नाहीतर साफ कसं होणार?’ अरे मग लिही ना वर! सोनामुखी म्हणजे जुलाबाचा पाला, आतड्याला ढोसून काम करते, सहा ते बारा तासांनी, कधीतरी गरजेला ठीक, पण मला बोलता बोलता कळलं की लोक ते रोज रात्री वर्षानुवर्षं घेतात, त्याशिवाय होतच नाही म्हणून. गरोदर बाई घेईल, म्हातारं माणूस घेईल, कोणाला काय कळणार.

त्यापेक्षा मी हिंग्वाष्टक, म्हणजे हिंगासकट आठ जिनसांचं पाचक चूर्ण, घरीच केलं. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं समप्रमाणात, आणि तुपात तळलेला हिंग मी बेताने घातला कारण खडा फार उग्र. पहिल्या घासाला गरम भात, तूप आणि पाव चमचा हे. यात मीठ आहे, त्यामुळे बाबांना बीपीमुळे देत नाही. रोजच्या कुंथण्याला मी आता साधं इसबगोल घेते, मोठा ग्लासभर पाण्यात, आणि ढवळल्या ढवळल्या प्यायचं, नाहीतर खळ होते.

सुट्या मालाला पाचपैकी साडेचार, डबीला शून्य. पार्किंगचं नावच काढू नका, पायी किंवा बसने जा. आणि अकराच्या आत जा, काका तोवरच असतात, नंतर तो पोरगा आणि त्याची ती डबी.