घरची नेटवर्क ड्राइव्ह आपोआप जोडणं: नागपूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

पहिलेच सांगतो, तयार नॅसचा (घरातल्या सगळ्या मशीनना नेटवर्कवरून डिस्क देणारा) डबा मी घेतलेला नाही आणि घेणारही नाही. रिकामा डबा वेगळा, डिस्क वेगळ्या. तेवढ्या पैशात घरात नवा कूलर येतो, आणि मे महिन्यात प्रतापनगरात जास्त काय लागतं ते नागपूरकरांना सांगायला नको. स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर डेबियन लिनक्स आणि सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) टाकलं, यूएसबीला दोन डिस्क लावल्या. बॅटरी अजून तासभर तग धरते, म्हणजे यूपीएसही फुकटात.

त्याच्याआधी राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टात डिस्क खोचून पाहिली होती. खोक्यावर 'फाईल शेअरिंग' ठळक छापलं होतं, पण हा राउटर फक्त एसएमबी १ (फाईल शेअरिंगची जुनी भाषा) बोलतो हे कुठेच नव्हतं. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस ज्या भगदाडातून घुसला ते याच एसएमबी १ मधलं. त्याच वर्षीच्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून विंडोज १० ने हे काढून टाकायला सुरुवात केली, आणि लिनक्स कर्नलनेही ४.१३ पासून त्याला डीफॉल्टमधून हाकललं. कस्टमर केअरवाला म्हणतो, "सर, विंडोज फीचर्समध्ये जाऊन ते ऑन करून घ्या." म्हणजे कुलूप लागत नसेल तर दारच काढून ठेवा. वाद घातला, तर राउटर रीसेट करायला लावला आणि 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे' असा मेसेज पाठवून तक्रार बंद केली. त्यांचा विषय इथेच संपवतो.

डेस्कटॉपवर लिनक्स मिंट आहे. सुरुवातीला सगळे करतात तेच केलं: एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या ड्राइव्ह जोडायच्या त्याची यादी) एक ओळ. युजरनेम-पासवर्ड वेगळ्या फाईलमध्ये, कारण एफएसटॅब कोणीही वाचू शकतो. त्या फाईलची परवानगी ६००, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचू नये. यूआयडी (आपला युजर क्रमांक) दिला, नाहीतर सगळ्या फाईली रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या, नावावर दिसतात. राउटरमध्ये लॅपटॉपचा आयपी पक्का केला. हिवाळाभर मस्त चाललं. तेव्हा हे लिहिलं असतं तर पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो, आणि ऑटोमाउंट (गरज पडेल तेव्हाच ड्राइव्ह जोडणं) म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग असंही वर लिहिलं असतं.

एप्रिल लागला आणि दुपारची लाइट जाऊन-येऊन करायला लागली. लाइट आली की डेस्कटॉप अर्ध्या मिनिटात उभा राहतो, पण राउटर आणि फायबरचा डबा आरामात येतात. ड्राइव्ह सापडत नाही, म्हणून सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) आपली ठरलेली ९० सेकंदं मोजत बसतं. मुदत संपली की मशीन सुरू होतं, ड्राइव्हशिवाय. नंतर नेटवर्क आलं तरी पुन्हा कोणी प्रयत्न करत नाही. एफएसटॅबच्या ओळीत 'नोफेल' (फसलं तरी पुढे जा) टाकलं की नुसतं थांबणं जातं, ड्राइव्ह काही येत नाही. बाबा फोटोंचं फोल्डर उघडतात, आत ठणठणाट. "काहून रे, उडवून टाकले का तू सगळे?"

या रिकाम्या फोल्डरचा मला जेवढा राग आला तेवढा राउटरवाल्यांचाही नाही. एरर द्या, लाल चौकट दाखवा, काहीही करा. पण ड्राइव्ह जोडलेली नसताना तिच्या जागी आपल्याच डिस्कवरचं एक सभ्य, रिकामं फोल्डर उघडून देणं ही शुद्ध फसवणूक आहे. फोटोंचं सोडा, रात्रीचा बॅकअप त्याच जागी जातो. ड्राइव्ह नसेल तर बॅकअपची आरसिंक कमांड बिनतक्रार स्थानिक एसएसडी भरत सुटतं आणि शेवटी 'यशस्वी' म्हणून निरोप घेतं. जे अजून एफएसटॅबवर आहेत त्यांनी एवढं करा: ड्राइव्ह सुटलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'चॅटर +आय' (बदल-बंदीची खूण) मारा. मग रूटलाही तिथे लिहिता येत नाही, आणि बॅकअप ओरडून थांबतो.

मग त्याच ओळीत सिस्टिमडीचं ऑटोमाउंट लावलं. आता बूट होताना काही जोडतच नाही. फोल्डरला हात लावला की जोडतं. खरंच आनंद झाला. लाइट आली, मशीन लगेच सुरू, बाबांनी फोटो उघडले, हजर! आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो.

पुन्हा लाइट गेली आणि पुन्हा तेच रिकामं फोल्डर. लॉग उघडला तर 'स्टार्ट लिमिट हिट'. म्हणजे असं: राउटर उठायच्या आधी फोल्डर उघडलं की जोडणी फसते. फाईल मॅनेजर एकदा विचारून गप्प बसत नाही, लागोपाठ विचारत राहतो. १० सेकंदांत पाचदा फसलं की सिस्टिमडी ते ऑटोमाउंटच बंद करून टाकतं, आणि खालचं स्थानिक फोल्डर उघडं पडतं. हातानं पुन्हा सुरू करेपर्यंत तसंच. बाबांना टर्मिनल शिकवायचं का आता?

शेवटी ऑटोएफएसवर आलो, हेही हात लावल्यावर ड्राइव्ह जोडणारंच. जुनं आहे, दोन वेगळ्या फाईली लिहायला लागतात, म्हणून टाळत होतो. पण याचं वागणं मला पटलं. जोडणी फसली तर ६० सेकंद ते लक्षात ठेवतं आणि मग पुन्हा प्रयत्न करतं. रुसून कायमचं बसत नाही. मुख्य म्हणजे दरम्यान रिकामं फोल्डर दाखवत नाही, सरळ एरर देतं. ते ६० मी १० वर आणले. एकच खोड: जोडण्याआधी फोल्डरचं नावच दिसत नाही. त्या दोनपैकी मुख्य फाईलच्या (मास्टर मॅप) ओळीत 'घोस्ट' टाकलं की दिसायला लागतं. याला पाचपैकी साडेचार.

राउटर इन्व्हर्टरवर का टाकत नाही, हे शेजारच्या काकांनी विचारून झालंय. इलेक्ट्रिशियनने त्या एका पॉइंटची जी रक्कम सांगितली ती ऐकून मी दोन फाईली लिहिणं पसंत केलं.

बायकोच्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो आहे. २४एच२ या आवृत्तीपासून त्यात बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश चालत नाही, त्यामुळे सांबावर तिचं खातं काढलं आणि 'साइन-इनला पुन्हा जोडा'वर टिक केलं. कधीकधी ड्राइव्हवर लाल फुली दिसते, क्लिक केलं की उघडते. ती तिकडे बघत नाही, मीही नाही.

उन्हाळ्यात डिस्क पन्नाशीच्या पुढे तापायच्या. कूलरसमोर ठेवायचं मनात आलं होतं, पण तो दमट वारा नको म्हणून दहा मिनिटं काम नसेल तर झोपायला लावल्या. ऑटोएफएस पाच मिनिटांनी ड्राइव्ह सोडतं, तेव्हा हे छान जमायला हवं. जमतं, बाबांनी फोटोंची खिडकी उघडी टाकून डुलकी घेतली नसेल तर.

वेग मात्र सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नव्हता. ईथटूल कमांडने पाहिलं तर केबलची जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर. दुसरी केबल लावली की गिगाबिट. पहिली घेऊन बर्डीवरच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणतो, "चालून तर राहिली ना भाऊ, मग बदलून काय देऊ?" बदलून दिली नाहीच. ती आता टीव्हीला लावली आहे.